हात मोकळे ठेवण्याचा हंगाम : प्रकल्प नोंदी

२ ऑक्टोबर

लग्नाच्या फोटोंच्या हंगामाला अजून दीड महिना आहे. नवी लेन्स घ्यावी की नाही यावर आठवडाभर डोकं पिकवून झालं, म्हणून आज उलट्या टोकाने सुरुवात केली. मागच्या हंगामातल्या सहा ऑर्डरींच्या सिलेक्शनच्या याद्या काढल्या आणि पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, अल्बमसाठी निवडलेला एकेक फोटो मूळ फोल्डरात शोधून पाहिला.

निकाल फारसा सुखाचा नाही. ज्यांच्यासाठी मी दोन-दोन फ्लॅश उभे केले, जोडप्याला चार वेळा मान वळवायला लावली, ते फोटो प्रत्येक अल्बमात दोन-तीनच. बाकी सगळी निवड माणसांची. खुर्चीत बसल्या बसल्या हसणारी आजी, बहिणीच्या कपड्याची चुणी सरळ करणारा भाऊ, दाराशी उभे राहून आत बघणारे वडील. यातले बरेच मी जाता-येता मारलेले. आणि काही चक्क भाच्याने काढलेले, जो मुळात बॅगा सांभाळायला येतो.

त्याला यादी दाखवली. म्हणाला, "मामा, मग पुढच्या ऑर्डरीला तू बॅगा घे."

५ ऑक्टोबर

प्रत्येक फाइलीत फोटो काढल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. इतकी वर्षं ती फक्त क्रम लावायला वापरली. आज एका ऑर्डरीचे फोटो वेळेप्रमाणे मांडले आणि फोटो कुठे नाहीत ते शोधलं. मुख्य विधी संपल्यापासूनच्या एका तासात तीन मिनिटांहून मोठे असे सात खंड निघाले.

आठवून आठवून कारणं लिहिली. दोनदा लेन्स बदलली. एकदा फ्लॅशची बॅटरी बसली. एकदा ट्रिगर (फ्लॅशला दुरून पेटवणारं यंत्र) आणि फ्लॅशचं चॅनल जुळेना. उरलेल्या तीन वेळा मी ग्रुप फोटोसाठी कोणाला तरी शोधत होतो, त्यातले एक काका पार्किंगमध्ये फोनवर बोलत होते. या सात खंडांत हॉलमध्ये काय घडलं ते मला ठाऊकच नाही. नवरीला तिच्या मैत्रिणींनी गराडा घालून रडवलं होतं हे मला नंतर कोणाच्या तरी मोबाइलवरच्या फोटोतून कळलं.

तेव्हा या हंगामाचं काम ठरलं. जे जे आधी ठरवता येईल ते घरी बसून ठरवायचं आणि लग्नाच्या दिवशी हात आणि डोळे मोकळे ठेवायचे. लेन्सचा विषय तूर्त बंद.

१२ ऑक्टोबर

फ्लॅशची चाचणी. भाचा खुर्चीवर, काळा शर्ट, मागे पांढरी चादर. टीटीएलवर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः मोजून दिलेल्या फ्लॅशवर, आधी काही फ्रेम घेतल्या. चादर जास्त दिसली की चेहरा अंडर, म्हणजे काळपट, शर्ट जास्त भरला की चेहरा जळतो. दोष यंत्राचा नाही. समोर जे येईल ते सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर गृहीत धरतो, आणि लग्नात तर एक पांढऱ्यात आणि दुसरा गडद रंगात असं जोडपं नेहमीच समोर असतं. दर फ्रेमला चेहऱ्याचा उजेड वेगळा आला की एडिटिंगला एकेक फोटो हाताने सुधारत बसावं लागतं.

मग सगळं मॅन्युअलवर घेतलं. एफ/२.८ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितकं ते जास्त उघडं), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००, शटर १/१२५ सेकंद, फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर छताला बाउन्स. इथे एक गोष्ट मोजून पाहिली, जी पुस्तकी म्हणून मी कायम सोडून देत होतो. थेट फ्लॅश मारून दोन मीटरवरून चार मीटरवर गेलो की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणजे सरळ दोन स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तेच छतावरून उसळवला तर साधारण एकाच स्टॉपचा फरक पडला, कारण छतापर्यंत जाऊन येण्याचं अंतर दोन्हीकडे मिळवलं जातं. एक स्टॉप रॉ फाइलीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलीत, सहज उचलता येतो. म्हणजे बाउन्सवर मॅन्युअल लावून मी खोलीभर हिंडलो तरी पॉवरच्या बटणाला हात लावायची गरज पडत नाही. यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

फ्लॅशचं डोकं सरळ वर केलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माझ्या मागच्या किंवा बाजूच्या भिंतीकडे तिरपं वळवलं की चेहऱ्यावर उजेड समोरून येतो. भिंत मात्र पांढरी हवी. आमच्या हिरव्या भिंतीने भाचा आजारी दिसायला लागला.

शटरबद्दल स्वतःसाठी एक ओळ, कारण ऐन वेळी गोंधळ होतो: शटर कमी-जास्त केलं की हॉलचा उजेड बदलतो, फ्लॅशचा नाही. मागचे दिवे जास्त दिसायला हवेत तर १/६० वर जायचं, दिवे दाबायचे तर १/२००. माझ्या बॉडीचा, म्हणजे कॅमेऱ्याचा, फ्लॅश सिंक तिथेच संपतो; त्याहून वेगवान शटरशी फ्लॅश जुळत नाही.

२० ऑक्टोबर

लेन्स: एका बॉडीवर ३५ मिलिमीटरची, दुसरीवर ८५ ची. दोन्ही अंगावर. २४-७० बॅगेत, ती फक्त एखादी बॉडी मेली तर. दिवसभरात लेन्स बदलायची नाही.

८५ पूर्ण उघडून एफ/१.८ वर दोन मीटरवरून काढलं तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) शार्प पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा मिळतो. एका माणसाचा चेहरा ठीक, पण जोडपं शेजारी बसलं आणि एक जण किंचित मागे रेलला की त्याचा फोकस गेला. दोन चेहरे असतील तर २.८ च्या खाली उतरायचं नाही. मागच्या हंगामात याच हौसेपायी किती फ्रेम फुकट गेल्या ते इथे लिहीत नाही.

२७ ऑक्टोबर

नोव्हेंबरच्या पार्टीबरोबर बैठक. नेहमी या बैठकीत अल्बमची पानं, कागद, व्हिडिओ, ड्रोन असाच हिशोब होतो. या वेळी तो दहा मिनिटांत उरकला आणि मग वही उघडली.

विचारलं, "घरातलं असं कोण आहे, ज्यांचा फोटो राहिला तर तुम्हाला कायमची चुटपुट लागेल?"

नवरीच्या आई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील. त्यांना फार चालवत नाही. ते पुढे येणार नाहीत, मागेच कुठेतरी बसतील. तुम्ही त्यांना ओळखणार कसे?" मोबाइलमधला त्यांचा फोटो माझ्याकडे घेतला. पंचवीस वर्षांत हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता. मी विचारत होतो ते ग्रुप किती, एवढंच.

दुसरा प्रश्न विचारताना जरा कचरलो. कोणाला कोणाच्या शेजारी उभं करायचं नाही? आधी सगळे हसले. मग हळूच तीन नावं आली.

ग्रुप फोटोंची यादी बारावर बांधली. एकाला तीन मिनिटं धरली तर छत्तीस मिनिटं होतात, आणि तेराव्याला जोडपं थकलेलं दिसतं. दोन्ही घरांकडून एकेक हाका मारणारा माणूस ठरला. अट एकच, त्याला सगळे चेहरे नावानिशी ठाऊक हवेत आणि आवाज मोठा हवा. म्हातारी माणसं असलेले ग्रुप आधी घेऊन त्यांना मोकळं करायचं, मित्रमंडळी शेवटी. मित्र कुठेही पळत नाहीत.

६ नोव्हेंबर

जास्तीच्या बॅटऱ्या आल्या. चार्ज झालेल्यांवर लाल रबर, वापरलेल्यांचं रबर काढायचं. अंधारात बोटांनाही कळतं.

१८ नोव्हेंबर

पहिली ऑर्डर. मध्यरात्र उलटली आहे, पण उद्यावर टाकलं तर अर्धं विसरेन.

हॉलमध्ये पाऊल टाकलं, वर पाहिलं, आणि महिनाभराची बाउन्सची तालीम पाण्यात गेली. छत काळं, आणि इतकं उंच की फ्लॅश वर मारला काय नि न मारला काय. मी हॉल फोटोंत पाहिला होता, छत पाहिलं नव्हतं. स्टँडवर दोन फ्लॅश दोन कोपऱ्यांत चढवले, विधीच्या जागेकडे तिरपे, दोन्ही १/४ वर. यात दहा मिनिटं गेली, पण पाहुणे यायच्या आत.

खरा त्रास पुढेच होता. विधी सुरू होताच समोरचे सगळे एलईडी जांभळे-निळे झाले. स्क्रीनवर फोटो अंडर दिसत होते, आणि चेहरे मात्र निळ्या मेणाचे, त्यावर कसलीच बारकाई नाही. एकत्रित हिस्टोग्रॅम (उजेडाचा आलेख, उजवं टोक म्हणजे जळालेलं) निर्धास्त दाखवत होता. तिन्ही रंगांचा वेगळा उघडला तेव्हा दिसलं की निळा उजव्या भिंतीला चिकटलाय. एक रंग असा जळून गेला की रॉ फाइलही तो परत आणत नाही. शटर १/२०० वर नेऊन हॉलचा उजेड दाबला, चेहऱ्यांवर माझ्या फ्लॅशचा स्वच्छ उजेड येऊ दिला. मागे जांभळं राहिलं, ते छानच दिसलं.

त्याच धांदलीत दुसरी चूक. आवाज नको म्हणून ८५ ची बॉडी इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवली होती. दूरून मारलेल्या कितीतरी फ्रेममध्ये आडवे पट्टे. एलईडी मंद करायचा म्हणजे तो फार वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही ओळींच्या वाट्याला उजेड येतो आणि काहींच्या वाट्याला अंधार. मेकॅनिकलवर आलो, पट्टे जवळजवळ गेले. आवाज झाला तर झाला. एवढ्या गलबल्यात शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार होता, हे मला आधी सुचायला हवं होतं.

शेवटी न राहवून लाइटवाल्याकडे गेलो. "दादा, विधी संपेपर्यंत समोरचे दोन पार दिवे साधे पांढरे ठेवाल का?"

"आधी सांगितलं असतंत तर प्रोग्रॅमच तसा केला असता," तो म्हणाला आणि अर्ध्या मिनिटात करून दिलं.

फ्लॅश, स्टँड, शटर, हिस्टोग्रॅम, सगळी झटापट मी केली आणि एक फोन करायचा राहिला. यादीत भर: दोन दिवस आधी लाइटवाल्याला फोन. हॉल स्वतः जाऊन बघायचा, छतासकट.

ग्रुप एकतीस मिनिटांत संपले. हाका मारणाऱ्या मामांचा आवाज माइकला लाजवेल असा. आणि मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, ते आजोबा सापडले. मोबाइलमधल्या फोटोपेक्षा बरेच वाळलेले. त्यांच्याजवळ खाली बसून ३५ ने काढले. नात त्यांच्याकडे येईल याची वाट बघत थांबलो, आणि ती आली.

१९ नोव्हेंबर

कार्डं कॉपी करताना कळलं की भाच्याच्या बॉडीचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. वेळेप्रमाणे लावले तर लोक आधी टाळ्या वाजवतात आणि टाळ्यांचं कारण नंतर घडतं. दोन्ही कॅमेऱ्यांतला एकच क्षण शोधला (कोणीतरी पाण्याचा पेला पाडला होता, तो उपयोगी पडला), फरक काढला आणि सॉफ्टवेअरमध्ये एका बॉडीच्या सगळ्या फाइलींची वेळ सरकवली. पुढच्या वेळी सुरुवातीलाच दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा फोटो घ्यायचा, सेकंदकाट्यासकट.

बॅकअप ३-२-१ प्रमाणे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. बॉडीत दोन कार्डांवर एकदमच लिहिलं जातं, तरी दोन्ही कार्डं एकाच बॅगेतून घरी येतात हे मी कायम विसरतो. बॅग गेली तर दोन्ही गेली. काल एक संच भाच्याच्या खिशात दिला. पार्टीला गॅलरी पोहोचेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट होणार नाही.

३ डिसेंबर

डोळे मिटण्याचा हिशोब. मोठ्या ग्रुपमध्ये कोणीतरी मिटतंच, आणि मी नेहमी 'अजून एक' म्हणत राहतो, किती ते न ठरवता. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं रीतसर गणित मांडलं होतं. २००६ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेलही मिळालं. त्यांचा ठोकताळा असा, की वीसपेक्षा कमी माणसांचा ग्रुप असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, वाईट उजेडात दोनने. तितके फोटो काढले की निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. बारा जण, बरा उजेड, चार फ्रेम. मी दहा मारत होतो, आणि सहाव्यानंतर लोकांचे चेहरे उतरतात ते वेगळंच.

ग्रुपसाठी आणखी एक. जागा कमी म्हणून २४ वर जायचं नाही. कडेला उभी असलेली माणसं आडवी ताणली जातात, आणि कडेला नेमकी तीच उभी राहतात ज्यांना आपण जाड दिसू अशी धास्ती असते. मागे सरकायचं, ३५ किंवा त्याहून लांब लेन्स, एफ/५.६, रांग किंचित अर्धगोल.

११ डिसेंबर

मागच्या हंगामातल्या एका पार्टीशी वाजलं. त्यांना 'सगळे फोटो' हवेत, म्हणजे रॉ फाइलीसुद्धा, आणि मी काढून टाकलेल्याही. रागाने करारपत्र काढलं, तर मीच लिहिलेलं वाक्य: "कार्यक्रमाचे सर्व फोटो दिले जातील." आता भांडणार कोणाशी? दिले. मिटलेले डोळे, हललेल्या फ्रेम, माझ्या बुटाचा एक फोटो, सगळं.

संध्याकाळी करारपत्र नव्याने लिहिलं. 'निवडून दुरुस्त केलेले फोटो, जेपेगमध्ये. रॉ फाइली दिल्या जात नाहीत.' किती तास थांबणार, त्यात जेवायची सुट्टी धरली आहे की नाही. गॅलरी कधी, अल्बम कधी, आणि सिलेक्शन उशिरा आलं तर अल्बमची तारीख तेवढीच पुढे जाणार. मी आजारी पडलो तर तितक्याच तयारीचा दुसरा माणूस मी पाठवणार. बयाणा मिळाल्याशिवाय तारीख अडवली जात नाही. आणि फोटो मी माझ्या जाहिरातीत वापरू का, याला वेगळी सही, हो किंवा नाही. बारीक अक्षरात घुसडलेलं नाही.

एक चांगलं: दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत तीस फोटो पाठवायची सवय या हंगामात लावली, आणि 'झालं का?' असे फोन जवळजवळ थांबले. व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की ते आकार दाबून टाकतं, म्हणून लिंक द्यायची. फाइली एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत, नाहीतर काही मोबाइलवर रंग मरगळलेले दिसतात.

२४ डिसेंबर

छाटणीचा दिवस. पूर्वी मी नको ते काढत बसायचो. आता हवे तेवढेच उचलतो, एका फेरीत, न थांबता. शार्प आहे की नाही ते दुसऱ्या फेरीत.

एक हललेला फोटो फार वेळ अडला. नवरीची आई, डोळे पुसताना, हात पूर्ण पुसट. व्हिक्टोरिया राणीची मुलगी १८५८ साली लग्नाच्या दिवशी आईवडिलांबरोबर छायाचित्राला उभी राहिली, त्यात राणीचाच चेहरा पुसट आला आहे. आपण थरथरत होतो असं राणीने रोजनिशीत लिहून ठेवलंय. तेव्हाच्या डॅगेरोटाइपला, म्हणजे धातूच्या पत्र्यावरच्या छायाचित्राला, काही सेकंद स्थिर राहावं लागे, माझं शटर १/६० होतं, तेव्हा बरोबरी करायला नको. पण फोटो ठेवला.

१७ जानेवारी

आजची ऑर्डर. छत पांढरं, लाइटवाल्याशी बोलणं आधीच झालेलं, घड्याळं जुळलेली. ग्रुप संपून हातात वीस मिनिटं उरली.

नवरीचे वडील चष्मा शोधत होते. खिसे, खुर्ची, टेबलाखाली. चष्मा कपाळावर. नवरी लांबून बघत होती. येऊन काही न बोलता तिने तो बोटाने खाली ढकलला, नाकावर. तीन फ्रेम मिळाल्या. पहिलीत ते अजून शोधतायत आणि तिचा हात नुकताच पोहोचतोय. दुसरीत चष्मा खाली आलाय, पण व्हिडिओवाल्याची पाठ चौथा हिस्सा खाऊन बसली आहे. तिसरीत दोघं हसतायत आणि फोकस मागच्या पडद्यावर. दुसरी ठेवली, पाठीसकट.

तोटाही लिहून ठेवतो. हात मोकळे झाले म्हणून मी जवळपास दुप्पट फोटो मारले. छाटणीला दोन दिवस जास्त लागणार, आणि त्यात चष्म्यासारखे फार नाहीत. पुढच्या ऑर्डरीला कार्ड लहान घालून बघावं काय?

८ फेब्रुवारी

नोव्हेंबरच्या पार्टीचं सिलेक्शन आलं. खांबाआडच्या आजोबांचे तीन फोटो यादीत. बारा ग्रुपपैकी नऊ. जांभळ्या उजेडातला, मी ज्याच्यावर खूश होतो तो जोडप्याचा फोटो नाही.

आणि एक पट्टेवाला आहे. इलेक्ट्रॉनिक शटरच्या घोळातला, दूरून ८५ ने काढलेला. आजोबा खुर्चीतून अर्धे उठलेत, नात वाकलीय, पट्टा दोघांच्याही चेहऱ्यावरून आडवा जातो. तो मी बाद केला होता. भाच्याने मला न विचारता परत गॅलरीत टाकला. विचारलं तर म्हणतो, "तू नको ते काढत नाहीस ना आता, हवे ते उचलतोस. मी उचलला."

दुपारभर खटपट केली. कृष्णधवल केला, पट्टे दबले, गेले नाहीत. छापून आल्यावर बोलणं नको, म्हणून नवरीच्या आईंना फोन केला आणि सांगितलं की या फोटोत आडवे पट्टे आहेत, हवा तर दुसरा देतो.

"कसले पट्टे?" त्या म्हणाल्या. "मोठाच लावा."